देवरावजींची बंगई

पोहायला शिकवलं की पाण्याची भीती जाते, या विचाराने मी देवरावजींच्या मांजरीला हौदात सोडलं.

ती बाहेर आली ती माझ्या छातीवरून, खांद्यावरून आणि डोक्यावरून थेट छपराच्या कवेलूंवर गेली. हा मार्ग पुढे बरेच दिवस मला दाढी करताना आरशात दिसत असे. पण माझ्या तोंडाचं सोडा. देवरावजींची कित्येक आठवड्यांची मेहनत मी एका डुबकीत घालवली होती.

देवरावजी आमचे महाल वस्तीतले शेजारी. त्यांचं-आमचं अंगण एकच. पाटबंधारे खात्यात त्यांनी जन्म काढला, पण धरणं, कालवे, तलाव जे काही पाहिलं ते फायलीत. निवृत्त झाल्यावर एक दिवस मला म्हणाले, "मास्तर, आता खरं पाणी पाहाचं."

त्यांच्या मामेभावाने बेसा गावाच्या पुढच्या तलावात शिंगाडे लावले होते. तेव्हा बेसा म्हणजे नुसती शेतं. राखणीला नावेतच राहणारा माणूस हवा होता. देवरावजींनी हो म्हटलं, भावाची जुनी नाव अंगणात आणवली, तिला डांबर फासलं, वर बांबूचा छोटा मांडव घातला आणि अट घातली, "गंगी संगं येईन."

"मांजर ठेवा की आमच्याकडे," मी म्हणालो.

"मंग संध्याकाळी बोलू कोनाशी गा? शिंगाड्याशी?"

या माणसाचा सगळा भरवसा सवयीवर. "सवय लावा लागते गा," हे त्यांचं पालुपद. नवी चप्पल आणली तर आधी काही दिवस ती घरातल्या घरात घालायची, तीही एका वेळी एकच. नवं घड्याळ आणलं तेव्हा त्यांनी ते जुन्याच्या शेजारी नुसतं टांगून ठेवलं होतं. म्हणे, "पाहू दे त्याले, आपल्या घरी कसं चालतात."

गंगीलाही त्यांनी नावेची सवय लावायला घेतली, ती बंगईवर. ओसरीवर कड्यांना टांगलेली ही सागवानी फळी त्यांच्या बायकोची, लक्ष्मीकाकूंची आवडती. काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं. देवरावजी बंगईच्या डाव्या टोकाला बसत, मध्ये गंगीची दूधपोळीची वाटी. आधी बंगई स्थिर. मग पायाने हलका झोका. मग खाली पाण्याचं घमेलं, त्यात हाताने चुबूक चुबूक आवाज. पुढे पुढे तर गंगी हेलकाव्यात डोळे मिटून तोंड धुवायची. देवरावजी तिला दिवसभराची हकीकत सांगायचे. मी शाळेतून आलो की मलाही ऐकू यायची. त्या हकीकतीत माझा उल्लेख फारसा चांगला नसे.

आणि मग मी तिला हौदात सोडलं.

गंगी कवेलूंवरून उतरेना. दूध ठेवलं, हाका मारल्या, माझ्या बायकोने सायसुद्धा दाखवली. बंगईकडे तर ती पाहीनाच. तिकडे मामेभावाचा निरोप आला, की उद्यापर्यंत या, नाहीतर दुसरा माणूस ठेवतो.

"ती येत नसन तर मी बी नाही जात," देवरावजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, शाळंत पोराईले बी असंच शिकवता का?"

सकाळी पाहतो तो ओसरी रिकामी. देवरावजींनी बंगई उतरवून, कड्या आखूड करून, अंगणातल्या नावेत मांडवाला टांगली होती आणि स्वतः डाव्या टोकाला बसून झोका घेत होते. नावेत बंगई! बघायला अख्खी गल्ली जमली. कड्या करकरत होत्या, आणि देवरावजी वर न पाहता कोणाला तरी कालची हकीकत सांगत होते.

त्या करकरीवर कवेलूंच्या कडेला दोन कान दिसले. मग मिशा. गंगी भिंतीवरून उतरली, माझ्यापासून चांगलं लांबून वळसा घेत नावेत चढली आणि बंगईच्या मध्यावर जाऊन बसली. माझ्या बायकोने पदर डोळ्यांना लावला.

"आता उतराचं नाही," देवरावजी म्हणाले. "उचला!"

मग आम्ही नाव तशीच, माणूस-मांजरासकट, बैलबंडीवर चढवली. महालातून अशी मिरवणूक पुन्हा निघाली नसेल. एक पानवाला ओरडला, "काहून गा देवरावजी, पूर येऊन राह्यला का?" देवरावजींनी दोन्ही हात जोडून निवडून आल्यासारखा नमस्कार केला. गंगीने जांभई दिली.

मीही नावेत चढलो आणि नाव तलावात सरकली. गंगीचे कान क्षणभर मागे गेले. तिने कडेवरून पाण्यात पंजा बुडवला, झटकला, हुंगला आणि बंगईवर परत येऊन तोंड धुवायला बसली. काठावर मामेभावाच्या माणसांनी टाळ्या पिटल्या. शिंगाड्याच्या हिरव्या पानांतून आम्ही ऐटीत निघालो.

आनंदाच्या भरात मी बंगईच्या उजव्या टोकाला, रिकाम्या जागेवर, धप्पकन बसलो.

गंगी फिस्कारली. देवरावजी हळूच म्हणाले, "मास्तर, तिथं नका बसू. तिची जागा हाय ते."

गंगी तर मध्ये बसली होती. मी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. एवढ्या मोठ्या बंगईवर हा माणूस वर्षभर एका टोकाला अंग चोरून बसत होता. रोज संध्याकाळची ती हकीकत, मला वाटत होतं मांजरीसाठी होती.

समजलं तसा मी घाईघाईने उठून उभा राहिलो. नावेत घाईघाईने उभं राहायचं नसतं.

छातीभर पाण्यातून, शिंगाड्याचे वेल गळ्यात घेऊन मी वर आलो तेव्हा गंगी कडेवरून वाकून माझ्याकडे पाहत होती. आपला हिशेब चुकता झाला, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. आणि देवरावजी हसत होते. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. काकू गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं.

हात देऊन मला वर ओढताना ते म्हणाले, "मांजर तयार झाली गा. तुमालेच अजून महिनाभर बंगईवर बसवा लागते."