पाच वेळा ‘क्लिक हिअर’

वसईतल्या गिरीज गावच्या मंडळाची वेबसाइट कौस्तुभने फुकटात करून दिली, तेव्हा त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. दोन हजार पाच साल, शेजारच्या आचोळे गावचा मुलगा, नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स झालेला. वाटणारच की हो! हॉल, खुर्च्या, शववाहिनी, पातेली आणि आजाऱ्यासाठी खाट, अशा मंडळाच्या पाच सेवा. प्रत्येकीची इंग्रजीत दोन ओळी माहिती आणि शेवटी निळ्या अक्षरांत ‘क्लिक हिअर’. सेक्रेटरी बॅप्टिस्ट अंकल इतके हरखले की त्यांनी फोनवरचं बुकिंगच बंद करून टाकलं.

मग पास्कल अंकलनी साइटवरूनच हॉल बुक करायचं मनावर घेतलं. ते जन्मापासून अंध, मुंबईत एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर. घरी त्यांच्याकडे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा कॉम्प्युटर होता. मुलगी क्रिस्टिनाचं लग्न अठ्ठावीस डिसेंबरला ठरलेलं. नाताळाआधीच्या आगमनकाळात ख्रिस्ती लग्नं लागत नाहीत, म्हणून नंतरच्या तारखांवर सगळी वसई तुटून पडते. हॉल गेला की गेला.

सवयीप्रमाणे त्यांनी पानावरच्या फक्त लिंका ऐकल्या. कॉम्प्युटर बोलला, क्लिक हिअर, क्लिक हिअर, असं पाच वेळा. आता यातला हॉल कुठला? मंडळाच्या जुन्या छापील पत्रकात हॉल तिसरा होता, म्हणून त्यांनी तिसरी लिंक दाबली. साइटवर तिसरी होती शववाहिनी. कॉम्प्युटर वरचं शीर्षक न वाचता थेट फॉर्मच्या पहिल्या रकान्यावर उतरला. नाव, तारीख, वेळ, पत्ता. अंकलनी मुलीचं नाव भरलं आणि निश्चिंत झाले.

बॅप्टिस्ट अंकलना मात्र फॉर्म वाचून गलबलून आलं. थोरल्या मुलीला आजीचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे पास्कलची शहाऐंशी वर्षांची आईही क्रिस्टिनाच. तारीख तीन आठवडे पुढची होती, पण त्यांनी तिचाही अर्थ लावला. डॉक्टरांनी मुदत दिली असणार, आणि पास्कल पहिल्यापासून वेळेचा पक्का!

संध्याकाळी ते आपली बायको रोझमेरी आंटी आणि आणखी चार बायकांना घेऊन चांगल्या मरणासाठी प्रार्थना करायला पास्कलच्या दारी हजर. आजी अंगणात बोंबील निवडत बसली होती. शेजारचं कोणी अत्यवस्थ असेल असं वाटून तीही हात धुऊन आली आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात प्रार्थना म्हणाली. संपल्यावर तिने विचारलं, कोणासाठी होती? शेवटी बॅप्टिस्ट अंकलनी खिशातून फॉर्मची प्रत काढून पास्कलना वाचून दाखवली.

पास्कल अंकलनी एवढंच विचारलं, “मग हॉल?” त्या तारखेचा हॉल आदल्याच दिवशी होळी भागातल्या केल्विनच्या नावावर लागला होता. लेकीच्या पत्रिका तर तारखेसकट छापून झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कौस्तुभला बोलावणं आलं. तो शिव्या खायच्या तयारीनेच गेला. अंकलनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि डोळे मिटून ऐक म्हणाले. पाच वेळा ‘क्लिक हिअर’ झाल्यावर त्यांनी विचारलं, “आता सांग बाबा, यातला हॉल कुठला?”

साइट त्याने स्वतः बनवलेली, तरी त्याला सांगता येईना. शरमेने त्याचे कान तापले. तिथेच बसून त्याने पाचही लिंका बदलल्या, ‘लग्नासाठी हॉल बुक करा’, ‘शववाहिनी मागवा’, असं ज्याचं त्याचं नाव घालून. मग त्याच्या मनात पाल चुकचुकली. बुकिंग केलेल्या एकेकाला त्याने फोन लावायला घेतला.

केल्विनने उचलला. आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार, घरीच साठ माणसांचं जेवण. त्याला हव्या होत्या खुर्च्या. हॉल कशाला?

“अरे, पण तुला दिसलं नाही?” कौस्तुभ कळवळून म्हणाला.

“माझे डोळे चांगलेत रे. सगळीकडे एकच लिहिलंय, वरचं कुठलं नि खालचं कुठलं ओळखायचं कसं?”

हॉल सुटला. कौस्तुभचा जीव भांड्यात पडला. त्याने अंकलचे दोन्ही हात धरले आणि मला ऐकायला बसवलंत, फार उपकार झाले, असं पुन्हापुन्हा म्हणत राहिला.

“उपकार तुझेच,” अंकल हसत म्हणाले. “आंधळा-डोळस असा भेद न करता तू सगळ्यांना सारखंच चकवलंस, म्हणून तर माझ्या पोरीला हॉल मिळाला!”