तेरेक-बुलाकचा तीस जून

वेळ कुणासाठी थांबत नाही, असं जाणते लोक म्हणतात. त्यांनी तेरेक-बुलाकचं ग्रामकार्यालय पाहिलेलं नसावं.

या कार्यालयाचा सहामाही अहवाल तीस जूनला जायचा होता आणि तो झाला नव्हता. दुसऱ्या कुणी मुदत चुकवली असती. अध्यक्ष एसेनकुल मात्र शिस्तीचे. त्यांनी एकुलत्या एका संगणकावर तीस जून कायम केला आणि आदेश काढला: अहवाल पूर्ण होईपर्यंत कुणी तारखेला हात लावू नये. तेव्हापासून तिथून एकही कागद उशिरा गेलेला नाही (शंभर टक्के, जिल्ह्यात पहिला क्रमांक). बाहेर पंधरा ऑक्टोबर उजाडून बर्फ पडत होतं. आत जून असल्यामुळे शेगडी पेटवायला मनाई होती.

त्या दिवशी ब्राउझरने एकही संकेतस्थळ उघडायचं नाकारलं. ऑगस्टपासून एकेक बंद पडत होतंच. आज शेवटचंही गेलं. कारकून झुराकानने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. शाळेच्या कोळशाचा अर्ज संध्याकाळी पाचच्या आत भरायचा होता. नाही भरला, तर तिच्या धाकटीसकट एकशे चौदा पोरं हिवाळाभर कुडकुडत पाढे म्हणणार होती. पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं: तुमच्या संगणकाची तारीख चुकीची आहे.

ही सूचना कार्यालयातल्या सहाही जणांनी वाचली. त्यानंतर बिघाड शोधायला सुरुवात झाली.

संगणक तीनदा बंद करून चालू केला. केबल काढली, पुसली, फुंकर मारून परत लावली. वाय-फायचा डबा खिडकीत ठेवला (त्याला थंडी वाजेल म्हणून रुमालात गुंडाळून). ड्रायव्हरने जिल्ह्याहून पेनड्राइव्हवर नवा ब्राउझर आणला. त्याने तीच सूचना अधिक मोठ्या अक्षरांत दाखवली. शेवटी गावातले अकसकाल (म्हणजे पांढऱ्या दाढीचे वडीलधारे) तुर्दुबाय यांना बोलावून दुआ मागितली. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

"एसेनकुल, पोरा," चहाचा घोट घेत म्हातारा म्हणाला, "काय लिहिलंय रे तिथं? माझा चष्मा घरी राहिला."

"स्वागत लिहिलंय, अकसकाल."

"लाल अक्षरांत?"

चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. झुराकानला आता राहवेना. थोरल्या भावाला हाक मारावी तशी तिने अध्यक्षांना हाक मारली.

"बाइके, तारीख चुकलीय. तुम्हीही वाचलंत, मीही वाचलं."

"आदेश वाचलायस ना?"

"मी वाचलाय. थंडीनं नाही वाचलेला."

ती उठली आणि साडेतीन महिने दोन क्लिकमध्ये पुढे नेले. सगळी संकेतस्थळं भराभर उघडली. चार अठ्ठावन्नला अर्ज गेला. पाठोपाठ अहवालासाठी जिल्ह्याची एकशे सहा स्मरणपत्रं येऊन आदळली.

शाळेला कोळसा मिळाला. झुराकानला नोटीस मिळाली: 'विनापरवानगी तारीख पुढे नेऊन कार्यालयाचा अहवाल साडेतीन महिने उशिरा केल्याबद्दल.' चार वाजून चाळीस मिनिटांपर्यंत अहवाल अजिबात उशिरा नव्हता, अशी साक्ष उरलेल्या चौघांनी सहीनिशी दिली. तिची बदली वरच्या कुरणावर मेंढ्या मोजायला झाली आणि संगणकावर पुन्हा जून आला.

वाचकहो, त्या खोलीत तुम्ही असतात, तर पहिल्याच मिनिटाला उठून खरं बोलला असतात, यात शंका नाही. परवा तुमच्या साहेबांच्या बैठकीत बोललात तसंच.