बोरखडीच्या अध्यक्षबाई

बोरखडीच्या चावडीत ग्राम नियोजन समितीची सभा सातव्यांदा भरली आणि सातव्यांदा पहिल्याच विषयावर अडली. विषय होता, 'अध्यक्ष निवडणे'.

गावाला पाझर तलाव मिळणार होता. तो हंबीररावांना पूर्वेच्या माळावर हवा होता आणि नाथाजींना पश्चिमेच्या. दोघांच्या विहिरी त्या त्या बाजूला होत्या, हे आंधळ्यालाही दिसत होतं. तलावाची जागा समितीने ठरवायची आणि समिती अध्यक्षाने चालवायची, तेव्हा अध्यक्षपद कोण सोडणार?

"नाथाजीच्या हाताखाली बसायचं? मी पलटणीत सुभेदार हुतो!" हंबीरराव गरजले.

"ह्यांच्या हाताखाली बसण्यापरीस मी तहानेनं मरंन," नाथाजी म्हणाले.

ग्रामसेवक दादासो गुरव यांनी कपाळाला हात लावला. कराडकडचा हा गरीब माणूस आठ महिन्यांपूर्वी इथे आला होता. नोकरी अजून कायम व्हायची होती. त्यात विट्याच्या तालुका कचेरीतून पत्र आलेलं: मार्चअखेर आराखडा न आल्यास तलाव दुसऱ्या गावाला जाईल.

"मग असं करू," गुरव वैतागून म्हणाले, "जो गावात नसतोच, अशा माणसाला अध्यक्ष करू. म्हणजे कुणी कुणाच्या हाताखाली नको."

हंबीरराव मिशीत हसले. "मग धुळाच्या बयाबाईला करा की. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन जाती, ती आखाडात परत येती."

"माजी हरकत न्हाई," नाथाजी म्हणाले.

दोघांचं एका गोष्टीवर एकमत झाल्याचं गावाने पहिल्यांदाच पाहिलं. कुणाचं मन बदलायच्या आत गुरवांनी वहीत 'सर्वानुमते' असं लिहून टाकलं, आणि त्या रात्री ते आठ महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपले.

ती झोप आठवडाभर टिकली. साल होतं पंच्याहत्तर. सरकार महिला वर्ष साजरं करत होतं आणि तालुक्याच्या गटविकास अधिकाऱ्यांना सांगायला एकही महिला सापडत नव्हती. बोरखडीचा कागद पाहून त्यांना आभाळ ठेंगणं झालं. उलटटपाली पत्र आलं: समितीवर महिला अध्यक्ष नेमणाऱ्या तालुक्यातल्या पहिल्या गावाला साहेब गुरुवारी सकाळी अकराला स्वतः भेट देतील आणि अध्यक्षबाईंच्या हस्ते आराखडा स्वीकारतील.

पत्र हातात पडलं तो मंगळवार होता. ज्या बाईला न विचारता अध्यक्ष केलं, ती आता गुरुवारच्या आत आणायची होती. नाहीतर वहीतलं 'सर्वानुमते' गुरवांना नोकरीसकट घेऊन बुडणार होतं.

धुळाचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, इस्लामपूरच्या पलीकडे ऊस तुटलेल्या रानात पडलाय, एवढाच पत्ता मिळाला. बुधवारी पहाटेच्या यष्टीने गुरव निघाले आणि चार रानं तुडवून दुपारी बारा वाजता तळावर पोहोचले. बयाबाई एका कोकराला आईच्या सडाला लावून पाजत होत्या. धुळा घोंगडं पसरून बसला होता.

"बयाबाई, अभिनंदन! तुम्ही अध्यक्ष झालात."

"कशाच्या?"

"नियोजन समितीच्या. गावाच्या."

बयाबाईंनी कोकरू दुसऱ्या सडाला लावलं. "म्या कवा म्हटलं हुतं?"

गुरवांनी सगळं सांगितलं. बयाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"येती की. तलाव गेला तर आमच्या मेंढरांनीबी काय प्यायचं? पर हितं माझ्या जागी कोन? येकानं मेंढरं चारायची, येकानं तळ राखायचा. येकल्या मानसाचं काम न्हाई."

"कुणीतरी गडी बघू."

"मेंढरं काय कुनाच्या बी हाती द्येत्यात व्हय? माजं नाव वहीत कुनी लिवलं?"

"मी."

"मग तुमीच ऱ्हावा."

"अहो, पण साहेब मला विचारतील!"

"साह्यबाला मी सांगीन की."

धुळा मान हलवत एवढंच म्हणाला, "ब्येस हाय."

दुपारच्या यष्टीने बयाबाई निघाल्या. गुरवांनी आराखड्याचा कागद त्यांच्या हाती दिला. सगळं लिहून तयार होतं. फक्त 'तलावाची जागा' या शब्दांपुढे ओळ रिकामी होती.

"हितं काय लिवायचं?"

"ते समिती ठरवेल."

"समिती म्हंजी कोन?"

"तुम्हीच," गुरव म्हणाले.

गुरुवारी सकाळी धुळा कोकरं आणि तळ सांभाळायला थांबला आणि गुरव पांढऱ्या लेंग्यात, काखेत छत्री धरून दीडशे मेंढरांमागे चालू लागले. पहिला तासभर त्यांना हे काम समितीपेक्षा सोपं वाटलं. मेंढरं निदान एका दिशेने जात होती. मग पुढच्या मेंढीला बांधापलीकडचं वैरणीच्या ज्वारीचं हिरवंगार कडवळ दिसलं. ती गेली म्हणून दुसरी गेली, दुसरी गेली म्हणून सगळी गेली. गुरवांनी छत्री उघडली, मिटली, "अहो, इकडे!" असं आदराने ओरडून पाहिलं. मेंढरांना तो आदर नवा होता. ती आणखी आत शिरली.

"हॉल्ट!" बांधावरून आवाज आला. रानाचा मालक, पेन्शनीत आलेला सयाजी हवालदार, हातात काठी घेऊन उभा होता. "कुनाची मेंढरं ही?"

"हे बघा, मी सरकारी माणूस आहे."

"मग ही सरकारी मेंढरं व्हय? कुठल्या खात्याची?"

"मी ग्रामसेवक. नियोजनाचं काम करतो."

सयाजीने आपल्या कडवळाकडे पाहिलं, मग गुरवांकडे. "लय झ्याक नियोजन केलंसा गड्या."

गुरवांचा चेहरा इतका केविलवाणा झाला, की हवालदाराचा राग निम्मा उतरला. त्याने स्वतः शीळ घालून मेंढरं बाहेर काढली आणि तोड सांगितली: एक रात्र मेंढरं त्याच्या रानात बसवायची, खत पडेल, कडवळाचं भरून निघेल. गुरव लगेच हो म्हणाले. तळावर येऊन त्यांनी भीत भीत धुळाला सांगितलं.

"ब्येस हाय," धुळा म्हणाला.

पण गुरवांचं लक्ष सगळं बोरखडीत होतं. अकरा वाजले असतील. साहेब आले असतील. ग्रामसेवक गैरहजर! हंबीरराव पूर्व म्हणाले असतील, नाथाजी पश्चिम. बाई बिचारी मधे उभी राहिली असेल.

शुक्रवारी दुपारी बयाबाई आल्या. आधी त्यांनी मेंढरं मोजली, मग पाणी प्याल्या, मग बसल्या.

"काय झालं?" गुरवांचा जीव टांगणीला लागला होता.

"काय हुयाचं? दोगं बी साह्यबाजवळच्या खुर्चीसाठी उभं. म्या म्हटलं, आदी बसा. बसली. साह्यबानं इचारलं, तलाव कुठं? ह्यो म्हनतोय उगवतीला, त्यो म्हनतोय मावळतीला. म्या म्हटलं, बहात्तरच्या दुष्काळात तुमा दोगांची जनावरं पान्याला कुठं आली हुती?"

"मग?"

"मग दोगांस्नी बी कबूल करावं लागलं. दोनी माळांमदल्या खडकीच्या वढ्याला आली हुती, आमच्या मेंढरांमागनं. झरा कुठं जित्ता हाय त्ये मेंढराला कळतं. म्या म्हटलं, तितंच करा. च्या उकळायच्या आत ठरलं. मग साह्यबानं जाऊन बघितलं आन कागदावर त्येच लिवून घ्येतलं."

"पण खडकीला तर पावसाळ्यात तुमचाच तळ असतो!"

"आमी वर बसू. आमास्नी काय, तळ उचलायची सवय हाय."

सात सभांत न झालेलं काम या बाईने चहाआधी उरकलं होतं. मग गुरवांना स्वतःचं आठवलं. "साहेबांनी माझं विचारलं?"

"इचारलं की. म्या म्हटलं, माजी मेंढरं राखाय गेल्यात."

"असंच सांगितलंत?"

"मग खोटं कशापायी बोलू? साह्यब लय हसला. मग त्यानं ह्ये लिवून दिलं." त्यांनी कनवटीचं पाकीट काढून पुढे केलं.

गुरवांनी पाकीट फोडलं. बडतर्फी असणार! त्यांनी दोनदा वाचलं, मग मोठ्याने वाचलं: "'अध्यक्षांचे काम उत्तम आहे. समितीची सभा यापुढे दरमहा घ्यावी. अध्यक्ष सभेस जातील तेव्हा त्यांचा कार्यभार ग्रामसेवक यांनी सांभाळावा. ग्रामसेवकांना नोकरीत कायम करण्याची शिफारस करीत आहे.'"

गुरवांच्या डोळ्यांत पाणी आलं. नोकरी कायम! धुळा घोंगड्यावर उठून बसला.

"कार्यभार म्हंजी वं काय?" त्याने विचारलं.

"मेंढरं," बयाबाई म्हणाल्या.

दोन दिवसांत धुळा पहिल्यांदाच तोंडभर हसला. "मग पुडच्या म्हैन्यात पाटनकडं या, भाऊसाब. तितं लय चढ हाय, पायात वहाना घालून या."