तीन चष्मे आणि एक मार्गदर्शक

मार्गदर्शन माझ्या रक्तातच आहे. आईला कणीक मळताना, बाबांना दाढी करताना, शेजारच्या आजोबांना गाडी मागे घेताना मी लहानपणापासून मार्गदर्शन करत आलोय. (आजोबांची गाडी खांबाला लागली हे खरं, पण त्यांनी माझं अर्धंच ऐकलं होतं!) त्यामुळे आमच्या कॉलेजने सेवायोजना काढली तेव्हा पहिला अर्ज माझा होता.

योजना सोपी होती. शाळा सुटलेली, पोलिसांच्या वहीत नाव गेलेली मुलं एकेका कॉलेज-विद्यार्थ्याच्या हवाली करायची. मुलाने एखाद्या दुकानात नाहीतर कारखान्यात काम शिकायचं आणि आपण सोबत राहून त्याला वळण लावायचं.

माझ्या वाट्याला आली भिंगरी. वय वर्षं सतरा. दोन मिनिटं एका जागी ठरत नसे, म्हणून ती राहायची त्या वसतिगृहात सगळे तिला याच नावाने हाक मारत. नववीत शाळा सोडून ती दोन वर्षं मोबाईल चोरणाऱ्या टोळीत होती. चोरी करायला नव्हे! कोपऱ्यावर उभं राहून कोण आलं, कोण गेलं ते बघायचं आणि धोका दिसला की शिट्टी मारायची, एवढंच तिचं काम.

आम्हाला चष्म्याचं दुकान मिळालं. योजनेच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "दोन महिन्यांत एकही तक्रार आली नाही, तर चष्मे बनवण्याच्या कोर्सला हिची शिफारस करीन. एक जरी तक्रार आली, तरी काम बंद!"

"मॅडम, मी आहे ना!" मी म्हणालो.

महिनाभरात भिंगरी काचा घासायला शिकली, फ्रेममध्ये बसवायला शिकली. नुसती काच हातात हलवून साधारण नंबर ओळखायलाही लागली. चष्मेवाले काका तिच्यावर खूश होते. माझ्यावर ते खूश होते की नाही, याचा अंदाज येत नव्हता, कारण ते मला फक्त "जरा सरक" एवढंच म्हणत.

एका सकाळी काका माल आणायला गेले. भिंगरी मागच्या खोलीत यंत्रावर काच घासत होती, मी काउंटरवर. समोर ट्रेच्या तीन कप्प्यांत तयार झालेले तीन चष्मे होते. त्या महिन्यात काकांनी जाड काळ्या फ्रेमवर सवलत ठेवली होती, त्यामुळे तिन्ही चष्मे तिळ्या भावंडांसारखे दिसत होते. त्यांच्यावर धूळ होती. आता धूळ दिसल्यावर गप्प बसेन तर मी कसला मार्गदर्शक? तिन्ही बाहेर काढले, लख्ख पुसले, ओळीने मांडले... आणि मग लक्षात आलं की कुठला कुठल्या कप्प्यातला, हे काही आठवत नाहीये.

पण आत्मविश्वास नावाची काही चीज असते! मी अंदाजाने तिन्ही जागेवर ठेवून दिले.

अर्ध्या तासात तिघंही गिऱ्हाइकं आली. पहिल्याने चष्मा लावला आणि दरवाजा समजून आरशाकडे निघाला. मी त्याला वळवलं. "नवीन नंबर आहे ना! डोळ्यांना सवय व्हायला दोन दिवस लागतात."

दुसरा म्हणाला, "जमीन वर आल्यासारखी वाटतेय हो!"

"सवय होईल!"

तिसरा काही न बोलता भिंतीला हात लावत लावत गेला. समंजस माणूस!

भिंगरी बाहेर आली. तिने रिकामा ट्रे पाहिला, मग चुरगळलेलं पुसायचं फडकं पाहिलं.

"दादा, तिन्ही एकदम काढले होतेस?"

"स्वच्छता..."

"दादा!"

मी घाईघाईने पावत्या चाळल्या. फोन नंबराच्या रकान्यात काकांनी तिन्ही ठिकाणी 'ओळखीचे' असं लिहून ठेवलं होतं!

चूक माझी, आणि कोर्स जाणार हिचा! पण भिंगरी डोळे मिटून उभी होती. "आतल्या खिडकीतून बघितलंय मी तिघांना. सवयच आहे ती. पहिल्याची गाडी बाहेर उभी होती, वर ड्रायव्हिंग क्लासची पाटी. दुसऱ्याच्या बाहीवर बारीक केस. म्हणजे कोपऱ्यावरचं सलून. तिसऱ्याच्या बोटांना खडू आणि गळ्यात टेप. टेलर. चल, पळ!"

दुकानाला कुलूप लावून आम्ही पळालो. म्हणजे ती पळाली, मी तिच्या दिशेने धापा टाकत गेलो.

ड्रायव्हिंगवाल्या सरांची गाडी बागेच्या कुंपणात अर्धी शिरलेली होती. स्टिअरिंगमागे बसलेली शिकाऊ बाई रडत होती. "सर म्हणाले, रस्ता सरळ आहे!" गाडी ढकलताना माझा शर्ट खांद्यापासून कोपरापर्यंत फाटला. भिंगरीने सरांचा चष्मा काढून घेतला, पाटीसमोर हलवून पाहिला. "हा सलूनवाल्यांचा. सर, जागचे हलू नका!"

"मला दिसतंय कुठे हलायला?" सर म्हणाले.

सलूनमध्ये खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा एक कल्ला जबड्यापर्यंत होता आणि दुसरा मुळातच नव्हता. तो माणूस अजून आरशात बघून हसत होता, कारण त्याचा स्वतःचा चष्मा काढून ठेवलेला होता. आम्ही सलूनवाल्यांना त्यांचा चष्मा दिला, त्यांच्याकडचा घेतला आणि त्यांनी कल्ल्याकडे बघायच्या आत बाहेर पडलो.

टेलरकाकांनी एका कोटाची बाही मन लावून खिशाला जोडली होती. मी हळूच भिंगरीच्या मागे सरकलो. भिंगरीने मला कोपराने पुढे ढकललं. "सांग. काय केलंस ते नीट सांग."

फाटका शर्ट, विस्कटलेले केस, मान खाली. "काका, चूक माझी. मी चष्म्यांची अदलाबदल केली."

"तुम्ही त्या कॉलेजच्या योजनेतले का?" त्यांनी विचारलं.

"हो," भिंगरी म्हणाली. तिने चष्मा बदलला, बाही उसवायला मदत करीन म्हणाली आणि सरांचा चष्मा घेऊन वाऱ्यासारखी परत गेली.

सरांना चष्मा देऊन ती आल्यावर दुकानाकडे जाताना मी म्हणालो, "काकांना सांगायलाच हवं का? झालं ना सगळं नीट!"

ती थांबली. महिन्याभरात पहिल्यांदाच नीट, एका जागी. "दोन वर्षं मी न सांगताच पळत होते, दादा. आता नाही."

मग मीच सांगितलं. चष्मेवाल्या काकांनी काउंटरची किल्ली भिंगरीच्या हातावर ठेवली. "उद्यापासून काउंटरचं तू बघायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू जरा सरक."

पण आठ दिवसांनी मॅडमनी आम्हाला बोलावलं. टेबलावर टेलरकाकांचं पत्र होतं. भिंगरीचा चेहरा पांढराफटक! तक्रार आली होती तर!

मॅडमनी वाचायला सुरुवात केली : "आपल्या कॉलेजची ती ताई फार गुणी आहे. तिने त्या वाया गेलेल्या मुलाला हाताला धरून माझ्यासमोर आणलं आणि चूक कबूल करायला लावली. मुलगा मनाने वाईट वाटत नाही. त्याला शिक्षा करू नये. रिकामा वेळ मात्र देऊ नये. दर रविवारी तो माझ्याकडे बसला तर मी त्याला कामाला लावीन."

मी तोंड उघडलं. मॅडम माझ्याकडे रोखून बघत होत्या. "इतकं चांगलं पत्र आजवर कुणालाच आलेलं नाही. हे मी शिफारशीला जोडतेय. काही दुरुस्ती?"

शेजारी भिंगरी श्वास रोखून उभी होती.

"काही नाही," मी म्हणालो.

भिंगरीचा कोर्स सुरू झालाय आणि पहिल्या परीक्षेत ती वर्गात दुसरी आली. माझंही बरं चाललंय. रविवारी भेटायचं असेल तर टेलरकाकांकडे या. गेल्या आठवड्यात त्यांनी माझी पाठ थोपटली, म्हणाले, सुधारतोयस! काज अजून वाकडंच येतं, पण बटण मी आता बऱ्यापैकी लावतो.