लॉकर लागलं आणि नवरदेव सरळ गेला

मी कधीही, काहीही अंदाजे करत नाही. पोह्यातलं मीठसुद्धा चमचा सुरीने सपाट करून घालते. बावीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवल्यावर एवढं व्हायचंच! त्यामुळे आमच्या जुन्या जीपच्या पुढच्या डिफरन्शियलला लॉकर बसवलं, तेव्हा मी घरात जाहीर केलं, "आता ही गाडी कुठेही अडकणार नाही!"

ते वाक्य रद्द समजावं.

डिफरन्शियल म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते, घाबरू नका. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या वेगाने फिरू द्यायचं, हे डिफरन्शियलचं काम. पण अक्कलकोटजवळच्या आमच्या शेतात, काळ्या मातीच्या चिखलात, एक चाक भोवऱ्यासारखं गरगरतं आणि दुसरं जावयासारखं ढिम्म बसून राहतं! लॉकर लावलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात आणि गाडी चिखलातून सुखरूप वर येते. फक्त वळत नाही.

बंदेनवाज मेकॅनिकने डॅशबोर्डवर लाल बटण बसवलं आणि बजावलं, "मॅडम, डांबरी रोडपे इसकू हाथ नक्को लगाव!"

"मी?" मी हसले. आणि खरं सांगते, मी हात लावलाच नाही.

झालं असं की आमचा भाचा गुरुशांत याचं लग्न निघालं. मुलगी काव्या, वकील. तिची अट एकच होती आणि ती तिने साखरपुड्यात सगळ्यांसमोर सांगितली होती. "मुलाकडून मागणी आली, तर लग्न मोडलं. रुमालाचीसुद्धा नाही!" आम्ही निर्धास्त होतो. गुरुशांत हॉटेलात पाणी मागतानाही लाजतो.

नवरदेवाला कार्यालयापर्यंत जीपमधून न्यायचं ठरलं. गाडीवर मी. शेजारी माझ्या सासूबाई नागव्वा, ज्यांना मी आत्या म्हणते, घरातलं होतं तेवढं सोनं अंगावर घालून. मागच्या सीटवर फेटा बांधलेला गुरुशांत. पुढे बँड, आणि बँडपुढे नाचणारे आमचे हे, प्रभुलिंग.

कार्यालयाचं फाटक डाव्या हाताला. बँड डावीकडे वळला. हे डावीकडे वळले. अख्खी वरात डावीकडे वळली. मीही स्टिअरिंग डावीकडे ओढलं. ते हलेना! टायर किंचाळले, फुलांच्या कमानीचा खांब अंगावर यायला लागला. मी घाबरून स्टिअरिंग सोडलं आणि जीप सरळ पुढे निघून गेली. फाटकात विहीणबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोरून नवरदेव हात जोडत पसार झाला!

तीस फुटांवर ब्रेक दाबला. पाहते तर लाल दिवा पेटलेला!

"हे कुणी दाबलं?"

"मी की," सासूबाई म्हणाल्या. "गर्दी लई जवळ आलती. अंगावर एवढं सोनं हाय. लॉक केलं."

"आत्या, या जीपला दारंच नाहीत!"

"मग? म्हणून तर लॉकर बसवलंस न्हाय तू?"

मी बटण बंद केलं. दिवा तसाच! बंदेनवाजला फोन लावला.

"चाकां में ताण बैठ गया मॅडम. थोडा पीछे लेव. खट् बोलके छूट जाता."

"थोडा म्हणजे किती?"

"ये भी मोजके लेते क्या? लेव तीन-साडेतीन फूट!"

"मामी," गुरुशांत हळूच म्हणाला, "मी उतरून चालत जाऊ?"

"अय्यो, खबरदार!" सासूबाई कडाडल्या. "ओवाळल्याबिगर नवरदेवाचा पाय खाली लागायचा न्हाय!"

तोवर फाटकात शिरलेली वरात परत बाहेर आली होती. आम्ही पुढे गेलो म्हणजे वरात अजून बाकी आहे, असा त्यांचा समज! जीपच्या मागेच नाच सुरू झाला, आणि आमचे हे थेट बंपरला चिकटून. मी हात हलवून त्यांना बाजूला व्हायला सांगू लागले. ह्यांचे डोळे चमकले. "अरे वाजवा! आमची बाई नाचायलीय!"

बँड चेकाळला. शेवटी मी डोकं बाहेर काढून जिवाच्या आकांताने ओरडले, "मागं! मागं! मागं!"

त्या गोंगाटात फाटकापर्यंत पोचलं ते एवढंच, की नवऱ्याकडचे मागायलेत!

काव्याचे वडील, शिवपुत्रअण्णा, धावत आले. घामाघूम. हात जोडलेले. "जावईबापू, रुसू नका. काय पाहिजे ते सांगा, पण हळू सांगा! पोरीला कळलं तर संपलंच सगळं!"

गुरुशांतच्या तोंडून कसाबसा एक शब्द निघाला. "रिव्हर्स."

"दिलं!" अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "कुठल्या कंपनीचं असतंय ते?"

"कंपनीचं नाही हो अण्णा, जीपचं!" मी म्हणाले.

"जीप?" अण्णा रस्त्यातच मटकन बसले. "जीप मागायलेत!"

ही बातमी नवरीच्या खोलीत पोचेपर्यंत दोन जीप झाल्या होत्या. आणि काव्या बाहेर आली! मुंडावळ्या बांधलेल्या, शालू कमरेला खोचलेला. वरात तिला आपोआप वाट देत गेली. ती जीपशी येऊन थांबली.

"गुरुशांत, तू मागितलंस?"

तो पांढराफटक. त्याने घाईघाईने माझ्याकडे बोट दाखवलं. काव्याने एका हाताने मुंडावळ्यांची गाठ चाचपली. आता ही सोडते की काय!

"मामी, तुम्ही मोजून बोलता म्हणतात. काय मागितलं? नेमकं सांगा."

"साडेतीन फूट," मी म्हणाले.

"काय?"

"साडेतीन फूट मागं जायला जागा. तेवढ्या जागेत सध्या गुरुशांतचे मामा नाचतायत."

काव्याने लाल दिवा पाहिला. रस्त्यावरचे टायरचे काळे पट्टे पाहिले. एक पाय हवेत धरून उभे असलेले आमचे हे पाहिले. आणि ती अशी हसली, अशी हसली, की सनईवाल्याचा सूर हुकला! मग डोळे पुसून तिने कोर्टातला आवाज काढला.

"बँड बंद! सगळे मागं सरका! अण्णा, तुम्हीपण!"

मी रिव्हर्स टाकला. खट्! दिवा विझला.

अक्षतेला चार मिनिटं होती. आता मला वळायची हिंमत राहिली नव्हती, म्हणून मी तशीच, मागच्या मागे, जीप फाटकाशी नेऊन लावली. विहीणबाईंचे हात ताट धरून भरून आले होते. त्यांनी समोर जे आलं त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, हार घातला आणि मनोभावे ओवाळलं. ती जीपच्या पाठीला लावलेली आमची स्टेपनी होती.

सासूबाईंनी "चालतंय!" म्हणून निकाल दिला, गुरुशांतचा पाय जमिनीला लागला आणि लग्न वेळेवर झालं.

परवा अल्बम आला. नवरदेवाच्या स्वागताच्या पानावर हार घातलेली स्टेपनी आहे, आणि तिच्याखाली काव्याने वळणदार अक्षरात लिहिलंय, "माझा नवरा मागून आला."