नाकेदारांचा गुरुवार

रेडिओवरची कुमुद रडायला लागली की आमच्या ओसरीवर सगळे डोळे पुसत आणि श्यामरावभाऊ पुस्तकाचं पान उलटून पाहत, हे रडणं मुळात आहे की नाही.

श्यामरावभाऊ जंगल खात्यात नाकेदार होते. चांद्याच्या जंगलातून निघालेली सागवानाची प्रत्येक गाडी नाक्यावर अडवायची आणि विचारायचं, "पास कुठी हाय?" नोकरी संपून वरोऱ्याला घर केलं तरी तो प्रश्न काही सुटला नाही. आमच्या हिने नवं लुगडं नेसलं, पास कुठी हाय? कोणी म्हणालं यंदा कापूस बरा येणार, पास कुठी हाय? शेजारच्या रहीमभाई शिंप्याने बकरी आणली, तेव्हा भाऊंनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि बकरीकडेच असं रोखून पाहिलं की ती बिचारी मान खाली घालून उभी राहिली.

गल्लीत रेडिओ एकच, आमच्याकडे. मी शाळेत मास्तर. दर गुरुवारी दिवेलागणीला एका कादंबरीचं नाटक भागाभागाने लागायचं. बापाच्या मनाविरुद्ध लग्न करून घर सोडणाऱ्या कुमुदची ती गोष्ट. नाटक लागणार हे जाहीर झालं त्याच दिवशी भाऊंनी वाचनालयातली एकुलती एक प्रत उचलून आणली. कशाला? तर तपासणीला. ते पुस्तक मांडीवर घेऊन, हातात लाल-निळी पेन्सिल धरून रेडिओला कान लावत आणि दर पाच मिनिटांनी गाडी अडवत.

"थांबा! पुस्तकात ती खिडकीपाशी उभी हाय. यायनं दारापाशी काऊन उभी केली?"

"भाऊ, रेडिओत दिसतं कुठे?"

"कडी वाजली नं! खिडकीले अशी कडी राहते का?"

रहीमभाई प्रत्येक भागाला मनापासून रडत. ते म्हणत, "नाकेदारसाब, कहानी हाय, लाकूड नाई. आयकू द्या नं."

त्यामुळे रहीमभाईंवरही संशय. पुढच्या भागात काय होणार याचा त्यांचा अंदाज दोनदा खरा ठरला होता. "याले आधीच कसं समजते? रेडिओवाल्याइचा माणूस हाय हा," भाऊ माझ्या कानात म्हणाले. एका गुरुवारी तर ते उठून उभेच राहिले. "मास्तर, मागच्या खेपेले जो डाक्टर होता तोच आज वकील बनून आला! आवाज वळखला म्या. नाव बदलून फिरून राह्यला. फरारी माणूस हाय!"

आम्ही एवढे हसलो की कुमुदच्या सासूचं बोलणं बुडालं. तो भाग नेमका काय झाला यावर पुढे आठवडाभर गल्लीत वाद चालला. नळावर बायकांत, रहीमभाईंच्या मशीनपाशी, शाळेत मास्तरांत. पुस्तक भाऊंकडे, म्हणून सगळे त्यांना विचारत. भाऊ मात्र पुढचं अक्षर सांगत नसत. "मले काय माहीत तुम्ही कोणाले जाऊन सांगान?"

मग तो भाग आला. कुमुदचा म्हातारा बाप कागद घेऊन बसतो आणि मुलीला लिहितो, 'मी चुकलो, घरी ये.' रहीमभाईंनी उपरणं तोंडाला लावलं. आमची ही आत उठून गेली. भाऊ मात्र पानं मागेपुढे उलटत होते.

"खोटं हाय हे! बाप पत्र लिहीतच नाई. पुस्तकात मरेपर्यंत नाई लिहीत. यायनं कोणाले विचारून लिवलं?"

"भाऊ, बरंच झालं की. पोरीला घर मिळालं," मी म्हणालो.

"बरं-वाईट तुम्ही नोका सांगू. पास कुठी हाय याचा?"

ते चहा न घेताच गेले. तेव्हा रहीमभाईंनी खालच्या आवाजात मला सांगितलं. मी या गल्लीत नवा, मला ठाऊक नव्हतं. भाऊंना एक मुलगी, विमल. तिनं चांद्यापलीकडच्या सिरोंच्याच्या एका तेलुगू मुलाशी आपल्या पसंतीने लग्न केलं. भाऊंनी दारातच सांगितलं, पुन्हा या घरात पाय ठेवू नको. आई आधीच वारलेली. "सात साल झाले, मास्तर. पोरीच्या चिठ्ठ्या येतात. हे म्हणतात, अक्षर तिचं नाई, कोणीतरी लिवून देते. अन वापस करतात."

भाऊंनी रेडिओ केंद्राला चार पानी तक्रार धाडली. उत्तर येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. पण आलं, शिक्क्यानिशी. ते घेऊन भाऊ भर दुपारी शाळेत आले आणि मला व्हरांड्यात बोलावून म्हणाले, "वाचा." मी वाचलं. पत्राचा प्रसंग कादंबरीच्या लेखकाने स्वतःच नाटकासाठी नव्याने लिहून दिला आहे, असं त्यात होतं.

भाऊंनी कागद उलटा केला, शिक्का उजेडात धरून पाहिला. त्यात काही खोट निघेना.

"म्हणजे ज्यानं बापाले तसाच मारला, त्यानंच मागून बदललं?"

"हो."

"असं बदलता येते, मास्तर? एकदा जे झालं ते?"

"ज्यानं म्हटलं त्यालाच फिरवता येतं, भाऊ. दुसऱ्या कोणाला नाही."

त्यांनी मान हलवली आणि निघून गेले. सोमवारी पुस्तक वाचनालयात परत गेलं. मंगळवारी भाऊंच्या दाराला कुलूप दिसलं. पहाटे ते चांद्याच्या मोटारीत बसले, एवढंच एकाने पाहिलं होतं. गल्लीला संशय घ्यायला आता चांगलंच कारण मिळालं. कोणी म्हणालं रेडिओवाल्यांशी भांडायला गेले, कोणी म्हणालं तीर्थाला. गुरुवारी नाटकाचा शेवटचा भाग लागला, तो त्यांच्याशिवाय. मध्ये अडवणारं कोणी नव्हतं, तरी आमचं लक्ष लागेना.

पुढल्या रविवारी कुलूप निघालेलं दिसलं. शेवटचा भाग त्यांना सांगायला मी आणि रहीमभाई लगबगीने गेलो. दार सताड उघडं होतं. भाऊ उंबऱ्यावर बसले होते. अंगणात चारेक वर्षांची एक मुलगी रहीमभाईंच्या बकरीशी तेलुगूत काहीतरी बोलत होती.

"भाऊ, शेवट ऐका—" रहीमभाईंनी सुरुवात केली.

भाऊंनी घाईने तोंडावर बोट ठेवलं. मागे वळून अंधाऱ्या खोलीत पाहिलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "माही पोरगी झोपली हाय."