शेवटच्या वडीचा सोळावा हिस्सा

सहलीचं नियोजन कसं असावं हे कोणाला शिकायचं असेल, तर त्यानं माझ्याकडे यावं! निघण्याच्या आधीच्या शुक्रवारी प्रयोगशाळेत मी हे सर्वांना सांगितलं होतं. मी जिल्ह्यातल्या विहिरींचं पाणी तपासते. अंदाज बांधणं माझ्या स्वभावात नाही, मी मोजते. मिनेसोटातल्या आमच्या गावापासून येलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत आणि परत. सहा दिवस, पाच माणसं, एक गाडी. पेट्रोल कुठं भरायचं, खिडकीशी कोणी कधी बसायचं, सासऱ्यांना किती मैलांनी उतरावं लागतं, सगळं तक्त्यात होतं. काही बिघडण्याची शक्यता मी दोन टक्के धरली होती. तीही टायरसाठी.

वडी तक्त्यात नव्हती.

सोमवारी सकाळी सहाला आम्ही गाडीत बसत होतो, तेवढ्यात आमच्या चर्चमधल्या लव्हॉन स्कोगेन दारात आल्या. हातात ॲल्युमिनियमचा जुना ट्रे, वर सरकतं झाकण, आत रुबार्बच्या आंबट देठांपासून केलेल्या चोवीस आंबटगोड वड्या.

"काही खास नाहीत," त्या म्हणाल्या. "खालून जरा लागल्याच आहेत."

"अगं, कशाला एवढा व्याप!" माझ्या सासूबाई, आर्डिस, म्हणाल्या. "तुमच्याकडेच राहू देत."

"आमच्याकडे कोण खातंय? पण नको असतील तर..."

"नको कशा? पण इतक्या सगळ्या?"

आमच्याकडे कोणतीही गोष्ट तीनदा नको म्हटल्याशिवाय हातात घेत नाहीत. माझा नवरा कर्ट यानं मला लग्नाची मागणी घातली, तेव्हाही मी दोनदा "तुला खरंच वाटत असेल तर" म्हटलं होतं. त्यामुळे उशीर धरलेला होता, चार मिनिटांचा. लागली अकरा.

जाताना लव्हॉन म्हणाल्या, "ट्रेची काही घाई नाही. रविवारी चर्चला आणलास तरी चालेल."

याचा अर्थ, रविवारी ट्रे आलाच पाहिजे! आणि रिकामा नाही, काहीतरी भरून. आर्डिस यांचा चेहरा गंभीर झाला. लव्हॉन यांच्याकडे चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराची किल्ली एकतीस वर्षं होती. आता त्यांचे गुडघे थकले होते, आणि येत्या रविवारी किल्ली कोणाच्या तरी हाती जायची होती. आर्डिस यांनी त्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं बटाटे सोलले होते. किल्ली हवी असं त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या. यावरूनच ती त्यांना किती हवी होती हे कळत होतं.

त्यांनी ट्रे उलटा करून पाहिला. खाली चिकटपट्टीवर निळ्या शाईत लिहिलं होतं: ल. स्कोगेन.

"आपल्याकडेही असाच एक होता," त्या म्हणाल्या. "गेला कुठंतरी."

नॉर्थ डकोटातलं बिस्मार्क येईपर्यंत तेवीस वड्या संपल्या. चोविसावी उरली. आणि सहलीला खरी सुरुवात झाली.

शेवटची वडी आमच्यात कोणी घेत नाही. का, ते विचारू नका. ती घेणारा माणूस वाईट ठरत नाही, फक्त लोकांच्या लक्षात राहतो. पण अर्धी घेता येते. बिस्मार्कच्या पुढं माझे सासरे व्हर्लिन यांनी खिशातला चाकू काढला, वडीचे दोन भाग केले आणि अर्धी खाल्ली. ग्लेनडाइव्हला कर्टनं उरलेल्याची अर्धी घेतली. माइल्स सिटीत आर्डिस यांनी. लिव्हिंगस्टनला माझी मुलगी ब्रिटा, वय चौदा, तिनं. मूळ वडी साडेपाच सेंटिमीटर चौरस होती. उद्यानाच्या दारात शिरताना ट्रेमध्ये तिचा सोळावा हिस्सा उरला होता. अंगठ्याच्या नखाएवढा.

"मॉम, असं करत गेलं तर ती कधीच संपणार नाही," ब्रिटा म्हणाली.

"गणिताच्या दृष्टीनं नाही."

"मग तू खा ना."

"छे, मला नको," मी म्हटलं. "तुझ्या बाबांना विचार."

"मला भूक नाही," कर्ट म्हणाला. "डॅडना असेल."

"माझं पोट भरलंय," व्हर्लिन म्हणाले. "आर्डिसला दे."

"मी मघाशीच घेतली," आर्डिस म्हणाल्या.

आणि वडी संपत नाही तोवर ट्रे धुता येत नाही. धुतल्याशिवाय पिशवीत भरता येत नाही. म्हणून तो ट्रे बुधवारपर्यंत ब्रिटाच्या मांडीवर होता. अस्वलांच्या प्रदेशात अन्न मागे सोडून कुठंही जायचं नाही, हा नियम मी सर्वांना दोनदा वाचून दाखवला होता. त्यामुळे आम्ही जाऊ तिथं ट्रे आला. उकळत्या झऱ्यांपाशी आला. लांडगे पाहायच्या टेकडीवर आला. एका जपानी जोडप्यानं आमचा फोटो काढला तेव्हा ट्रे मधोमध होता.

बुधवारी दुपारी नदीकाठच्या लाकडी टेबलावर आम्ही जेवायला बसलो. सँडविचं संपत आली होती. झाकण धुवायला मी गाडीकडे गेले. परत वळले तर टेबलापाशी बायसन जातीचा रानगवा उभा! म्हणजे केस उगवलेलं गॅरेज समजा. बायसनपासून पंचवीस यार्ड दूर राहायचं असतं. घरचे चौघंही शिस्तीनं माझ्या दिशेनं सरकत आले. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. व्हर्लिन यांनी मोहरीची बाटली वाचवली होती.

"ट्रे?" मी विचारलं.

"मला वाटलं कर्टनं घेतला."

"मला वाटलं ब्रिटानं."

"मी दोन दिवस तोच घेऊन फिरतेय! मला वाटलं, एकदा तरी दुसरं कोणी घेईल!"

बायसननं टेबलाच्या कोपऱ्याला मान घासली. टेबल हललं. ट्रे खाली गवतात पडला, पण सुलटा. मग बायसन त्याच्या शेजारी बसला आणि रवंथ करू लागला.

आम्ही मोजून तेवीस मीटरवर उभे राहून बघत राहिलो. पाच माणसं एका दिशेला टक लावून बघताहेत, हे येलोस्टोनमध्ये धोक्याचं. एक गाडी थांबली. मग तीन. मग एका गृहस्थांनी तोफेसारखी दुर्बीण मांडली.

"लांडगा आहे का?" त्यांनी कर्टला विचारलं.

कर्टला कोणाला निराश करता येत नाही. "तसं सांगता येत नाही," तो म्हणाला. "पण बघायचं असेल तर बघा."

"लांडगा!" ते गृहस्थ मागे वळून म्हणाले.

अर्ध्या तासात चाळीस गाड्या! मी मोजल्या. लोक खुर्च्या टाकून बसले. एक बाई सांगत होत्या की पिल्लंही आहेत. दुर्बिणीतून बघणारा एक मुलगा म्हणाला, "मला नुसता ट्रे दिसतोय." त्याच्या वडिलांनी त्याला नीट बघायला सांगितलं.

शेवटी वनरक्षक आली. ओर्टेगा नावाची, उन्हानं रापलेली, दक्षिणेकडची. तिनं दुर्बिणीतून पाहिलं, दुर्बीण पुसली, पुन्हा पाहिलं.

"हा ट्रे कोणाचा?"

आम्ही पाचही जण आपापल्या बुटांकडे बघू लागलो.

"तसा आमचा नाही," आर्डिस म्हणाल्या, आणि हे खरंच होतं. "लव्हॉनचा आहे."

"लव्हॉन कुठं आहेत?"

"मिनेसोटात."

"त्यात अन्न आहे?"

"फार नाही," मी म्हटलं. "एक पूर्णांक नऊ दशांश चौरस सेंटिमीटर."

ओर्टेगानं वही मिटली. "मॅडम, एवढंसं कोणी खाऊन का टाकलं नाही?"

ती परक्या मुलखातली होती.

"तुम्ही घेता का?" व्हर्लिन यांनी आदबीनं विचारलं. "चांगली आहे. खालून जरा लागलीय."

"नको."

व्हर्लिन थांबले. अजून दोनदा नको यायचं होतं. "घ्या हो!"

"साहेब, मी नको म्हटलं!"

"आणखी एकदा म्हणतील," व्हर्लिन मला हळूच म्हणाले.

तेवढ्यात वरून एक डोमकावळा उतरला. ट्रेच्या काठावर बसला, मान तिरकी केली आणि वडी उचलून उडाला. कोणालाही न विचारता! तीन दिवसांचं ओझं गेलं.

"चला," व्हर्लिन म्हणाले, "कोणीतरी घेतली एकदाची."

मग बायसन उठला. त्यानं अंग झाडलं, एक पाऊल पुढं टाकलं, आणि ते ट्रेमध्ये टाकलं. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन नऊशे किलो धरलं, तर एका पायाखाली ॲल्युमिनियमचं काय होतं हे सांगायला माझ्यासारखीची गरज नाही. आवाज नदीपलीकडे गेला. चाळीस गाड्यांतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बायसन निघून गेल्यावर आर्डिस यांनी ट्रे उचलला. तो आता ताटली होता, मधे खुराचा ठसा.

"बरं झालं, कोणाला लागलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सरळ होता. मी त्यांना एकोणीस वर्षं ओळखते. त्या रडत होत्या.

म्हणून मी तक्ता फाडला. मी! दुपारी दोनपर्यंत नवा केला. रविवारपर्यंत चार दिवस, झाकण शाबूत, पट्टी शाबूत, हवा फक्त तसाच ट्रे. झाकण ज्यात सरकेल तो ट्रे बरोबर, इतकं ते सोपं होतं.

गार्डिनरमध्ये ट्रे मिळाले, पण नवे, आरशासारखे. लिव्हिंगस्टनमध्ये जुना मिळाला, त्यात झाकण जाईना. गुरुवार, शुक्रवार आम्ही उद्यानात नाही, उद्यानाभोवतीच्या गावांतल्या जुन्या सामानाच्या दुकानांत फिरलो.

"आपण गरम पाण्याचे फवारे बघणार होतो ना?" ब्रिटानं विचारलं.

"पाणी वर जातं, खाली येतं," व्हर्लिन म्हणाले. "तुझी आई सांगेल."

बिग टिंबरमध्ये, एका चर्चच्या जुन्या बाजारात, पत्त्यांच्या डब्याखाली तो सापडला. झाकण सरकलं. सर्रकन, पूर्ण! मोटेलमध्ये मी हेअर ड्रायरनं चिकटपट्टी गरम केली, चिमट्यानं अलगद सोडवली आणि नव्या ट्रेला त्याच कोनात लावली. कोन मी मोजला होता. कर्ट म्हणाला, "जॅनेल, तू गुन्हेगार झाली असतीस तर सापडली नसतीस." आमच्या लग्नातली ही सर्वांत मोठी स्तुती.

शनिवारी घरी पोहोचताच आर्डिस यांनी खजुराच्या चोवीस वड्या केल्या. लव्हॉनला काही सांगायचं नाही, असं ठरलं. म्हणजे ठरवलं कोणी नाही, पण कोणी काही बोललंही नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळी मंडळी कॉफीला तळघरात उतरली. लव्हॉन यांच्या गळ्यात किल्ली होती. आर्डिस यांनी ट्रे पुढं केला. लव्हॉन यांनी तो तीनदा नाकारून घेतला. उलटा न करता खालून पट्टी चाचपली. मग त्यांचं बोट उजव्या कोपऱ्यावरून फिरलं आणि थांबलं.

"इथं एक पोचा होता," त्या म्हणाल्या.

पोचा! माझ्याकडे लांबी होती, रुंदी होती, खोली होती, पट्टीचा कोन होता. पण मी मोजायला घेतला तेव्हा त्या ट्रेत पोच्याशिवाय काही उरलंच नव्हतं.

"वेगळाच दिसतोय," लव्हॉन म्हणाल्या. आमच्याकडे याहून कठोर शब्द नाही. अस्वल घरात शिरलं तरी आम्ही एवढंच म्हणू.

आर्डिस यांनी हातातला कप बशीवर ठेवला. मला वाटलं, आता त्या हवामानाबद्दल बोलतील. मीही तेच केलं असतं.

"लव्हॉन," त्या म्हणाल्या, "त्याच्यावर बायसननं पाय दिला. हा दुसरा आहे. मी तुला फसवत होते." आणि एका दमात सगळं सांगितलं. डोमकावळ्यासकट. अठ्ठावीस वर्षांत त्या तळघरात इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं. कॉफी ओतणारा माणूस ओतायचा थांबला.

लव्हॉन यांनी ट्रे टेबलावर ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते.

"तो तुझाच होता, आर्डिस."

"काय?"

"व्हर्लिनच्या पन्नाशीला मी उरलेला केक त्यातून घरी नेला. परत करायचा तर रिकामा कसा द्यायचा? भरून देऊ म्हटलं, तर वर्ष गेलं. मग फार उशीर झाल्यासारखं वाटलं. म्हणून माझं नाव लावलं. सत्तावीस वर्षं! सोमवारी वाटलं, भरून देऊन टाकावा. रविवारी आण म्हटलं ते नुसतं रीत म्हणून. पोचा बघून तू ओळखशील, गप्प राहशील आणि ठेवून घेशील."

"मग पट्टी का नाही काढली?"

"काढली असती, तर ट्रे तुझा आहे हे मला माहीत होतं, हे तुला कळलं असतं!"

लव्हॉन यांनी गळ्यातली किल्ली काढली. आर्डिस म्हणाल्या, "नको, दुसऱ्या कोणाला..." आणि आयुष्यात प्रथमच एकदाच नको म्हणून त्यांनी ती घेतली! व्हर्लिन यांनी टोपी काढली.

राहिला ट्रे. आर्डिस म्हणतात, पट्टीवर नाव लव्हॉनचं आहे. लव्हॉन म्हणतात, आर्डिसचं देणं त्याच लागतात. बिग टिंबरच्या ट्रेवर दोघींचाही हक्क नाही, म्हणून दोघीही तो घेत नाहीत. तूर्त तो माझ्या गाडीत मागच्या सीटवर आहे, कारण मला नको म्हणता आलं नाही. आत खजुराची एक वडी उरली होती. आता तिचा आठवा हिस्सा आहे.

बरेच जण मला विचारतात, इतक्या काटेकोर नियोजनात चुकलं कुठं? मी गणित पुन्हा तपासलं. चूक बिस्मार्क येण्याआधीच झाली होती. ती शेवटची वडी मला हवी होती.